नाव, गाव, तारीख : मेंढपाळांचे वृक्षलेख

साहित्य कशाला म्हणावे, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा ग्रंथांच्या आधाराने होते. लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी त्या चर्चेत ओवीला, कहाणीला, भारुडाला मानाची जागा मिळवून दिली, हे खरे. तरीही लिहिलेले ते ग्रंथात आणि न लिहिलेले ते लोकांच्या ओठांवर, अशी एक सोयीची वाटणी आपल्या मनात पक्की झालेली असते. या दोहोंच्या मधे एक तिसरा प्रकार आहे. ज्याला जेमतेम अक्षरओळख आहे, ज्याच्यापाशी पुरेसा कागद नाही आणि ज्याचे ऐकायला जवळ माणूस नाही, अशा कोणी हाताशी मिळेल त्या वस्तूवर खरडून ठेवलेला मजकूर, हा तो प्रकार होय. समीक्षेने त्याची दखल फारशी घेतलेली नाही.

अमेरिकेच्या पश्चिम भागातील डोंगराळ अरण्यांत बास्क मेंढपाळांनी झाडांच्या सालींवर कोरून ठेवलेले लेख हे या प्रकाराचे एक ठळक उदाहरण आहे. शिलालेख, ताम्रपट या शब्दांच्या धर्तीवर आपण त्यांना वृक्षलेख म्हणू. ते साहित्य म्हणून वाचता येतात का, आणि वाचायचे तर कोणत्या दृष्टीने, याचा विचार येथे करावयाचा आहे.

बास्क लोक आपल्या वाचकांना अगदीच परके नाहीत. स्पेन आणि फ्रान्स यांच्या सीमेवर, पिरेनीज पर्वताच्या पश्चिम टोकाशी त्यांची भूमी आहे. जगातील दुसऱ्या कोणत्याही ज्ञात भाषेशी त्यांच्या भाषेचे नाते सिद्ध झालेले नाही. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाशियस लोयोला याच भूमीतले. आपल्या वसईपर्यंत येऊन गेलेले संत फ्रान्सिस झेवियर नव्हार प्रांतातले. त्यांची मातृभाषा बास्क होती. या प्रदेशात घर आणि जमीन एकाच अपत्याकडे जाण्याची रीत होती. इतर मुलांनी लग्न करून दुसऱ्या घरी जावे, धर्मगुरू व्हावे, नाही तर समुद्र ओलांडावा. १८४९ च्या सुवर्णशोधाच्या काळात कॅलिफोर्नियात पोहोचलेल्या काहींनी सोन्याचा नाद सोडून मेंढ्या पाळल्या. त्यांच्या मागोमाग भाऊ, पुतणे, गाववाले असे तरुण येत राहिले आणि कॅलिफोर्निया, नेव्हाडा, आयडाहो या राज्यांतील डोंगरांत पांगले.

या कामाचे स्वरूप लक्षात घेतल्याशिवाय वृक्षलेखांचा अर्थ लागत नाही. उन्हाळ्यात हजार-दीड हजार मेंढ्या, एक-दोन कुत्री आणि एक तंबू घेऊन हा तरुण डोंगरावर चढे. काही दिवसांनी एकदा एक माणूस खेचरावर किंवा गाडीतून शिधा पोहोचवून जाई. तो येईल तेवढाच मनुष्यसहवास. बाकी तीन-साडेतीन महिने मेंढ्या, कोल्ही, वारा आणि झाडे. आपल्या गावी अनेकांनी एवढा मोठा कळप पाहिलेलाही नसे. स्थानिक लोकांची इंग्रजी त्याला येत नसे आणि त्याची भाषा त्यांना. मेंढपाळ म्हणजे हीन दर्जाचा परदेशी, अशी तेथील समजूत. १९३४ च्या टेलर कायद्याने सरकारी कुरणांवरचा मुक्त संचार बंद झाला तेव्हा स्वतःची जमीन नसलेले फिरते मेंढपाळ बाहेर पडले. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर मेंढपाळांची टंचाई भासू लागली, आणि १९५० पासून खास कायदे करून त्याच बास्क तरुणांना कराराने पुन्हा बोलावले गेले.

त्या उंचीवर ॲस्पन नावाचे झाड राया करून वाढते. पॉपलरच्या कुळातले हे झाड, साल गुळगुळीत आणि पांढुरकी. या सालीवर मेंढपाळ चाकूच्या टोकाने वा खिळ्याने लिहीत. चांगल्या लेखाची खूण अशी की, तो खोल कोरलेला नसतो. सालीवर केसासारखी बारीक रेघ ओढून सोडून द्यायची. त्या दिवशी ती नीट दिसतसुद्धा नाही. पुढे झाड ती जखम भरून काढते, तिथे काळी खपली धरते, खोड जाड होईल तशी रेघ रुंदावते आणि काही वर्षांनी पांढऱ्यावर काळे अक्षर उठून दिसते. घाईने खोल कोरणाऱ्याचा लेख उलट विद्रूप होतो. म्हणजे लिहिणाऱ्याने आपला लेख पूर्ण झालेला त्याच वेळी पाहिलेला नसे. त्याच वाटेवर पुन्हा नेमणूक झाली तरच तो दिसणार. अनेकांच्या बाबतीत तो इतरांनीच पाहिला. आपल्याकडे भूर्जपत्राची परंपरा आहे; तिथे साल झाडापासून वेगळी करून तिचा कागद होतो. येथे कागद जिवंत राहतो, वाढतो, आणि लेखकाचे हस्ताक्षर स्वतःच्या गतीने पुरे करतो.

या लेखांचा सर्वांत विस्तृत अभ्यास होशे माल्येआ-ओलाएचे यांनी केला आहे. ते स्वतः बास्क भूमीत जन्मलेले आणि नेव्हाडात स्थायिक झालेले इतिहासकार. ‘स्पीकिंग थ्रू द ॲस्पन्स’ हा त्यांचा ग्रंथ २००० साली नेव्हाडा विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढला. सुमारे वीस हजार लेखांची नोंद त्यांनी केली. रेनो येथील जीन आणि फिलिप अर्ल या दांपत्याने खोडाला मलमलीचे कापड गुंडाळून, त्यावर मेण घासून लेखांचे ठसे घेतले. झाडाला इजा न करता अक्षराचे वळण जसेच्या तसे घरी आणण्याची ही रीत आपल्या शिलालेखांच्या ठशांची आठवण करून देते.

एवढ्या लेखांत असते काय? बहुतेकांत केवळ नाव आणि साल. कधी त्यापुढे आपल्या गावाचे किंवा प्रांताचे नाव. काहींत एकटेपणाची तक्रार, घराची ओढ, मालकाला किंवा डोंगराला दिलेली शिवी. काही ठिकाणी बास्कभूमीचा जयजयकार, जो फ्रँकोच्या राजवटीत, १९३९ ते १९७५ या काळात, मायदेशी उघडपणे लिहिणे धोक्याचे होते. चित्रेही आहेत: घरे, प्राणी, माणसांचे चेहरे, आणि पुष्कळ ठिकाणी स्त्रिया. मजकुराची भाषा बरेचदा स्पॅनिश, काही ठिकाणी फ्रेंच. मातृभाषा मुखी होती, पण ती लिहायला शाळेने शिकवले नव्हते. ज्यांनी बास्कमध्ये लिहिले त्यांनी कानाला वाटेल तसे लिहिले. ते चुकीचे शुद्धलेखन आज भाषेच्या अभ्यासकाला बोलीचा पुरावा म्हणून उपयोगी पडते.

माल्येआ यांच्या ग्रंथाचे मोठेपण असे की, मेंढपाळाला त्यांनी केवळ दयेचा विषय केले नाही; तो लिहिणारा माणूस आहे हे गृहीत धरून त्याचा शब्द जपला. तरीही त्यांची दृष्टी इतिहासकाराची आहे. कोण, कुठला, केव्हा आला, कोणत्या वाटेने गेला, या प्रश्नांची उत्तरे ते लेखांतून काढतात. साहित्याच्या वाचकाचा प्रश्न निराळा असतो. नाव आणि साल एवढ्याच मजकुराला काही रूप आहे काय? त्यातून अनुभव व्यक्त होतो काय? की ती केवळ माहिती आहे?

याचे उत्तर शोधताना आपल्याच मातीतल्या मेंढपाळाकडे वळणे उपयोगाचे ठरते. दिवाळीनंतर घाट उतरून येणारे धनगरांचे वाडे कोकणाला आणि आपल्या रायगड जिल्ह्यालाही नवे नाहीत. माणदेशासारख्या दुष्काळी मुलखातून ते निघतात, भात कापलेल्या शेतांत मेंढ्या बसवतात, लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य किंवा पैसे घेतात आणि पावसाळ्यापूर्वी परत घाट चढतात. येथेही भटकंती आहे, परका मुलूख आहे, गावकऱ्यांचा संशय आहे. एक गोष्ट मात्र मुळातच वेगळी आहे. धनगर वाड्याने जातो. घोड्याच्या पाठीवर संसार असतो, सोबत बायको, मुले, भाऊबंद असतात. रात्री माणसे एकत्र बसतात.

म्हणून धनगराचे साहित्य ओवीचे आहे. बिरोबाची, म्हस्कोबाची, धुळोबाची कथा ढोलाच्या साथीने उभी राहते. एकाने म्हणायचे, दुसऱ्यांनी उचलायचे, मधे गद्यात कथा सांगायची. या मांडणीला धनगर ‘सुंबरान’ म्हणतात. तो ‘स्मरण’ या शब्दाचाच अवतार. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर (१९३४–१९९२) यांनी या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या आणि महाराष्ट्रातील पशुपालकांच्या दैवतांवरचा त्यांचा ग्रंथ १९७६ मध्ये जर्मनमध्ये व १९८९ मध्ये इंग्रजीत आला. बिरोबा आणि धुळोबा यांच्या दोन दीर्घ ओव्यांचा अनुवाद ॲन फेल्डहाउस यांनी रामदास अटकर व राजाराम झगडे यांच्यासमवेत २०१४ साली प्रसिद्ध केला. या ओव्यांत देवाचे नाव पुन्हा पुन्हा येते, गावांची आणि वाटांची नावे येतात. ओवी मुळात कोणी रचली त्याचे नाव नसते. त्याची गरजही नसते, कारण ऐकणारा समोर बसलेला आहे आणि गाणाऱ्याला ओळखतो.

बास्क मेंढपाळाची स्थिती नेमकी उलटी. तो धर्माने कॅथलिक, सणावाराला गावात घंटा वाजते हे ऐकत वाढलेला. तरी वृक्षलेखांत धार्मिक मजकूर फारच थोडा आढळतो. याचा अर्थ त्याची श्रद्धा आटली असा घेण्याचे कारण नाही. प्रार्थनेलाही मंडळी लागते. दुसऱ्याच्या आवाजात आपला आवाज मिसळावा लागतो. तेथे रविवार आणि सोमवार यांत फरक नव्हता. समूहाबरोबर समूहाचे शब्द गेले आणि उरले ते प्रत्येकाला स्नानसंस्कारात मिळालेले, दुसऱ्या कोणाच्या सोबतीशिवाय उच्चारता येणारे एकच, आपले नाव. धनगराच्या ओवीत सही नाही, कारण त्याच्याभोवती माणसे आहेत. बास्काच्या लेखात सहीखेरीज फारसे काही नाही, कारण त्याच्याभोवती कोणी नाही. रूप आशयातून येते असे आपण म्हणतो. येथे ते राहणीतून, सोबतीच्या असण्यानसण्यातून आलेले दिसते. या दृष्टीने पाहिले तर ‘नाव, गाव, साल’ हा अपुरा मजकूर राहत नाही. मी होतो, अमुक ठिकाणचा होतो, अमुक वर्षी येथे होतो, हे तीन चरण तेथे पुरेसे आहेत.

या लेखांना वाचकही होता. पुढच्या किंवा दहा वर्षांनंतरच्या उन्हाळ्यात त्याच वाटेने दुसरा मेंढपाळ येई. पूर्वीचे नाव वाची, कधी आपल्या गावचा माणूस सापडे, कधी तो खाली उत्तर कोरी, कधी टवाळी करी. एकाच रायीत वेगवेगळ्या वर्षांची नावे शेजारी शेजारी आढळतात. ते एक फार संथ संभाषण आहे. कागदावर उतरवून घेतलेल्या यादीत ते हरवते, कारण त्याचा क्रम झाडांच्या क्रमाने, वाटेच्या चढ-उताराने लागतो. वृक्षलेखांच्या संग्रहाची हीच मर्यादा होय: शब्द हाती येतात, वाट येत नाही.

येथे एक आक्षेप येणारच. झाडावर नाव कोरणे ही विद्रूप करण्याची गोष्ट नव्हे काय? कर्नाळ्याच्या अभयारण्यात किंवा एखाद्या लेण्यात प्रेमिकांची नावे खरडलेली पाहून आपण संतापतो, आणि तो संताप योग्य आहे. ॲस्पनच्या सालीला झालेल्या जखमेतून बुरशीचे रोग शिरतात. आज कोणी नवे लेख कोरावेत असे कोणीही म्हणणार नाही. पण खाडीपलीकडच्या कान्हेरीकडे पाहावे. तेथील एका लेण्यात इ. स. १००९ आणि १०२१ या वर्षी येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी पहलवी लिपीत आपली नावे आणि तारखा कोरून ठेवल्या आहेत. बौद्ध भिक्खूंच्या विहारात परक्यांनी लिहिलेली ती नावे आज पश्चिम किनाऱ्यावरील पारशांच्या वास्तव्याचा मोलाचा पुरावा मानली जातात. केवळ काळ लोटला म्हणून खरडण्याचा शिलालेख होतो, एवढाच याचा निष्कर्ष नाही. सहलीला आलेला तरुण आपले नाव कोरतो तेव्हा त्याच्यापाशी ते सांगायला इतर शंभर जागा असतात. मेंढपाळापाशी दुसरी जागा नव्हती. लेखनामागची निकड हा निकष दोघांना वेगळे करतो, आणि तो साहित्याचा जुनाच निकष आहे.

दुसरा प्रश्न स्त्रियांच्या चित्रांचा आणि अश्लील मजकुराचा. कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकाने त्याबद्दल मौन पाळणे सोपे आहे. परंतु तो भाग वगळून जो मेंढपाळ उरतो, तो नाताळच्या गोठ्याशेजारी ठेवलेल्या मातीच्या मेंढपाळासारखा असतो. विशी-पंचविशीतला, कित्येक महिने स्त्रीचा शब्द न ऐकलेला मुलगा पवित्र चित्रे काढीत बसला असता तरच नवल. त्यातले पुष्कळसे ओबडधोबड आणि कलादृष्ट्या सामान्य आहे, हे सांगावे. काही रेघांत मात्र वासनेपेक्षा आठवण अधिक दिसते, हेही सांगावे. निवड समीक्षकाने जरूर करावी. माणूस कापून ती करू नये.

या साऱ्याला अतिरेकी महत्त्व देण्याचा धोकाही आहेच. झाडावर लिहिलेल्या चार शब्दांत सर्व काही आले, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. रॉबर्ट लॅक्सॉल्ट यांचे ‘स्वीट प्रॉमिस्ड लँड’ (१९५७) हे पुस्तक याची जाणीव करून देते. त्यांचे वडील डोमिनिक नेव्हाडात मेंढपाळ होते. अनेक वर्षांनी त्यांनी मायदेशाला दिलेल्या भेटीची हकीकत मुलाने इंग्रजीत सांगितली. परतण्याची ओढ आणि परतता न येण्याचे कारण यांची जी गुंतागुंत त्या पुस्तकात येते, ती सालीवर मावणारी नाही. आपल्याकडे व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तही (१९५५) धनगरांचे जग येते ते तेथे नेमलेल्या शाळामास्तरच्या नजरेतून. दोन्ही पुस्तके मोठी आहेत. पण दोन्हीत मेंढपाळाबद्दल दुसऱ्याने लिहिले आहे. एकात मुलाने, दुसऱ्यात मास्तराने. वृक्षलेखांत तो स्वतः लिहितो, आणि म्हणून फार थोडे लिहितो. पुस्तके वाचून झाल्यावर त्या थोड्या शब्दांकडे परत यावे, म्हणजे त्यांचे वजन कळते.

केवळ नावाला असे वजन येते, याचा दाखला आपल्या परंपरेत आहे. १५४६ साली आंबोइना बेटावरून रोमला पाठविलेल्या पत्रात संत फ्रान्सिस झेवियर सांगतात की, सोबत्यांच्या पत्रांतून त्यांनी स्वहस्ते लिहिलेली त्यांची नावे आपण कापून घेतली आहेत आणि आपल्या व्रताच्या वचनाबरोबर ती जवळ बाळगतो. पत्रांतला उपदेश, बातम्या, कुशल सारे बाजूला ठेवून त्यांनी निवडली ती सहीची चिठोरी. हजारो मैल दूर एकट्या पडलेल्या या बास्क माणसाला आपल्या सोबत्याचे हस्ताक्षरातले नाव म्हणजे काय ते ठाऊक होते. पुढे चार शतकांनी त्याच डोंगरांतल्या मुलांनी ॲस्पनच्या सालीवर जे केले, ते याहून फार वेगळे नव्हते.

नवी मुंबईतील वाचकाला यात केवळ दूरदेशीचे कुतूहल वाटू नये. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभे राहिले. वाशी, नेरूळ, घणसोली, कोपरखैरणे ही मुळात गावांची नावे. ती रेल्वेच्या फलकांवर तरी राहिली. नव्या विमानतळासाठी दहा गावे हलवली गेली. वसई, गोवा, मंगळूर, केरळ, मराठवाडा अशा ठिकाणांहून आलेली कुटुंबे आपल्या धर्मग्रामांत आहेत. पहिल्या पिढीने रिकाम्या खाडीकाठावर काढलेले दिवस कुठे लिहिले गेले आहेत? बहुतेकांच्या बाबतीत उत्तर एकच: स्नानसंस्काराच्या, विवाहाच्या आणि मृत्यूच्या नोंदवहीत. नाव, आईबापांचे नाव, तारीख. आपण ती वही दाखल्यासाठी उघडतो. वृक्षलेख वाचल्यानंतर ती वाचण्यासाठीही उघडता येते. कोणत्या साली पहिले मूल आले, मृत्यूच्या नोंदी केव्हा सुरू झाल्या, कोणते घराणे दहा वर्षे दिसून नाहीसे झाले, हे सारे तिथे आहे.

तेवढ्यावर थांबायचे नसेल, तर विचारणारा कोणी लागतो. जात्यावरच्या ओव्यांचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. पुण्यात राहून काम करणारे गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि गाणाऱ्या तीन हजारांहून अधिक बायांची नावे त्यांच्या गावांसह नोंदवली. ओवी निनावी होती, कारण तोवर नाव कोणी विचारलेच नव्हते. आपल्या धर्मग्रामातल्या वृद्धांपाशीही असेच काही निनावी पडून असेल.

वृक्षलेखांपाशी वेळ थोडा आहे. ॲस्पनचे आयुष्य साधारण शंभर-सव्वाशे वर्षांचे. विसाव्या शतकाच्या आरंभी कोरलेली झाडे वठू लागली आहेत, वणव्यांत जळत आहेत, वाऱ्याने कोसळत आहेत. १९७० च्या दशकात स्पेनची परिस्थिती सुधारली आणि बास्क तरुण यायचे थांबले. त्यांच्या जागी अँडीज पर्वतातून पेरूचे मेंढपाळ कराराने आले. तेही घरदार मागे ठेवून एकटेच येतात. जुन्या बास्क नावांच्या शेजारी आता त्यांची नावे आहेत: नाव, त्याखाली पेरूतले गाव, त्याखाली साल.